आईचा मेटलचा व्हॉल्व्ह, असिट्रॉम आणि वर-खाली नाचणारा आयएनआर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आईचं वय ५४, लहानपणीच्या सांधेतापामुळे हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला होता, दोन वर्षांपूर्वी तो काढून मेटलचा बसवला. त्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तेव्हापासून असिट्रॉमची गोळी चालू आहे, एक दिवस २ मिलिग्रॅम, एक दिवस ३. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी टेस्ट, आयएनआर, मात्र कधी १.६ तर कधी ५.२, कुणी सांगितलं म्हणून पालेभाजी घरातून हद्दपार. शेजारच्या काकांना रक्त पातळ करायची नवीन गोळी मिळाली जिला टेस्टच लागत नाही, मग आईला ती का नाही. दाढ काढायचीय तर डेंटिस्ट म्हणतायत गोळी ५ दिवस बंद करा. आणि रात्री छातीतून टिकटिक ऐकू येते, आईला झोप नाही.

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करतो आणि व्हॉल्व्ह बदललेले पेशंट गेली पंचवीसेक वर्षं बघतोय. डोस किती घ्यायचा हे मी इथून सांगणार नाही, ते आईचे डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन ठरवतील, पण आकडा का नाचतो आणि काय केलं की नाचायचा थांबतो हे सांगता येईल.

आधी एक गोंधळ काढू. आपल्याकडे 'रक्त पातळ करायची गोळी' या एका नावाखाली तीन वेगवेगळी औषधं खपतात. एकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि क्लोपिडोग्रेल, या रक्तातल्या प्लेटलेट्स चिकटू नयेत म्हणून, स्टेंट-अँजिओप्लास्टीवाल्यांना असतात. दुसरी जात आईच्या असिट्रॉमची आणि वॉरफेरिनची. तिसरी म्हणजे काकांची, डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन वगैरे. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणि रक्त पातळ वगैरे काही होत नाही हो, ते होतं तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ जास्त लागतो. हे मुद्दाम सांगतोय कारण 'रक्त आधीच पातळ झालंय, अंगात ताकद नाही' म्हणून स्वतःच गोळी बंद केलेले पेशंट मी पाहिलेत, त्यातल्या एका बाईंना अर्धांगवायू झालेला पाहिलाय.

आता ही गोळी करते काय. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात त्यातली चार, म्हणजे फॅक्टर २, ७, ९ आणि १०, लिव्हर बनवतं आणि ती नीट बनायला व्हिटॅमिन के लागतं. असिट्रॉम हे व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाही. बस एवढंच. पण आधी बनून रक्तात फिरत असलेली प्रथिनं संपायला वेळ लागतो, फॅक्टर ७ काही तासांत ओसरतो पण फॅक्टर २ निम्मा व्हायलाच अडीच-तीन दिवस जातात. म्हणून आज घेतलेल्या गोळीचं खरं माप दोन-तीन दिवसांनी दिसतं आणि डोस बदलल्यावर आकडा स्थिर व्हायला आठवडाभर जातो. लोक काय करतात, सोमवारी डोस वाढवला, मंगळवारी टेस्ट, आकडा तोच, बुधवारी परत वाढवला, आणि पुढच्या सोमवारी ६ आला की सगळे घाबरतात. तुमच्या आईच्या वहीत असं झालंय का ते बघा, मला दाट शंका आहे.

आयएनआरचा आकडा म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाचं १ धरलं तर आईचं रक्त गोठायला साधारण किती पट वेळ लागतो ते. मायट्रल जागी मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर सहसा २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, एऑर्टिक जागी असेल आणि बाकी धोका नसेल तर २ ते ३ वर भागतं. आईचा नेमका टार्गेट काय ते डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असतं, नसेल तर सर्जनना विचारून घ्या, कारण टार्गेटच माहीत नसेल तर २.४ ला घाबरायचं की नाही हेही ठरत नाही. माझ्यापुरतं सांगतो, रेंजच्या किंचित बाहेर, म्हणजे २.४ किंवा ३.७ आला तर मी बहुतेक वेळा डोसला हातच लावत नाही, कारण विचारतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात परत टेस्ट करायला सांगतो. प्रत्येक आकड्यामागे धावलं की आकडाही तुम्हाला पळवतो.

डोसबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. 'एक दिवस २, एक दिवस ३' हे लिहायला सोपं आणि पाळायला महाकठीण. काल काय घेतलं होतं हे आज संध्याकाळी कोणाच्या लक्षात राहतं सांगा. त्यापेक्षा वार ठरवा, उदाहरणार्थ सोमवार-बुधवार-शुक्रवार ३ आणि बाकी चार दिवस २, आठवड्याचे १७ मिलिग्रॅम झाले, दर आठवड्याला तेवढेच. (हे फक्त उदाहरण आहे, आईच्या डॉक्टरांना विचारून घ्या.) डोस बदलायचा झाला तरी आम्ही आठवड्याची बेरीज डोक्यात धरून पाच ते पंधरा टक्क्यांनीच हलवतो. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतंच, गोळी गिळली की लगेच त्या चौकोनात आकडा लिहायचा, नुसती बरोबरची खूण नाही तर २ किंवा ३. माझ्या एका पेशंटबाई, शाळा फार नाही शिकलेल्या, कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लाल पेनने गोळीचा आकडा लिहितात. दर महिन्याला ते पान फाडून सोबत घेऊन येतात, एकादशी कधी होती आणि गोळी कधी चुकली सगळं एका कागदावर. मला कुठल्याही फाइलपेक्षा ते पान जास्त आवडतं.

गोळी संध्याकाळी घ्यावी, सहा-सातच्या सुमारास. कारण साधं आहे, सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, डोस बदलायचा असेल तर त्याच दिवशी बदलता येतो. असिट्रॉमचं हे जास्त लागू पडतं कारण तिचा असर वॉरफेरिनपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून रोजची वेळही पक्की हवी. संध्याकाळी विसरली आणि रात्री झोपताना आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची गेली समजा, आजची आजच्याएवढीच घ्या, दोन्ही एकदम कधीच नाही. आणि दोन-तीन दिवस सलग चुकली, लग्नाला गेलो आणि पाकीट घरीच राहिलं वगैरे, तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, मेटलच्या व्हॉल्व्हवर तेवढ्यातही गुठळी धरू शकते आणि कधी मधले काही दिवस हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, इंजेक्शनं द्यावी लागतात.

आता पालेभाजी. इथे बहुतेक घरांत चूक होते आणि ती आम्हा डॉक्टरांमुळेच होते, कारण 'हिरवं खाऊ नका' हे सांगायला चार सेकंद लागतात. पालक, मेथी, शेपू, चुका, अंबाडी, अळू, कोथिंबीर यात व्हिटॅमिन के भरपूर असतं हे खरं. पण भाजी हा शत्रू नाही, भाजीतला चढउतार हा आहे. रोज एक वाटी मेथी खाणाऱ्या बाईचा डोस त्या मेथीसकट बसवता येतो. उलट ज्यांनी पालेभाजी साफ बंद केलीय त्यांच्या अंगात व्हिटॅमिन केचा साठाच नसतो, मग कोणाकडे जेवायला गेल्यावर दोन अळूवड्या जास्त खाल्ल्या की आकडा धाडकन खाली, आणि दोन दिवस तापाने जेवण गेलं की धाडकन वर. तुमच्या आईचं मला हेच वाटतंय. पालेभाजी परत सुरू करा, आठवड्यातून ठरावीक तीन-चार वेळा, साधारण एक वाटी, आणि सुरू करताना डॉक्टरांना सांगून आठवड्याने आयएनआर बघा, थोडा डोस वाढवावा लागेल, वाढू दे. गोळ्या किती मिलिग्रॅमच्या याला काही अर्थ नाही, आकडा रेंजमध्ये राहतोय का याला आहे. वांगं, बटाटा, दुधी, दोडका, डाळी, भात, भाकरी याने फारसा फरक पडत नाही.

आणि आपलं वर्षच चढउताराचं आहे. थंडीत मेथीची जुडी स्वस्त होते, सकाळ-संध्याकाळ मेथीच, पराठे, डाळमेथी, आणि जानेवारीत माझ्याकडे १.७, १.८ ची रांग लागते. श्रावणात नेमकं उलट, सोमवार, शनिवार, एकादशी, मग नवरात्राचे नऊ दिवस, साबुदाणा-वरई-बटाटा, हिरवं पान नाही, त्यात काहींचं एकवेळ जेवण, आणि आकडा ४ च्या पुढे. गणपतीत परत ऋषीची भाजी आणि अळूवड्या. मी कोणाला उपास सोडा म्हणत नाही, माझं कोण ऐकणार, पण आधी सांगा. नवरात्र बसायच्या आधी एक टेस्ट आणि मध्ये पाचव्या-सहाव्या दिवशी एक, एवढं केलं तरी खूप झालं.

हे झालं जेवणाचं, पण खरे मोठे अपघात जेवणाने होत नाहीत, दुसऱ्या औषधांनी होतात. यातला एक माझ्याच हातचा सांगतो. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं, ओपीडीत गर्दी, एका बाईंना जुलाब लागले होते, मी मेट्रोनिडाझोल लिहून दिली, व्हॉल्व्हचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मांडीवर ताटाएवढा काळानिळा डाग होता आणि आयएनआर ९. वाचल्या, पण तो डाग मला अजून दिसतो. मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल, लघवीच्या इन्फेक्शनला देतात ती को-ट्रायमॉक्सॅझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन, ही मंडळी आकडा जोरात वर नेतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन वगैरे अँटिबायोटिकंही नेतात. तोंडातल्या छाल्यांना लावायचं मायकोनॅझोलचं जेल, दिसायला इतकं निरुपद्रवी, तेसुद्धा नेतं. उलट टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, आकडा खाली खेचतात. रिफाम्पिसिनचं तर असं की असिट्रॉम दुप्पट केली तरी आकडा हलत नाही, मग कशीबशी घडी बसते, सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, सगळे पेढे वाटतात, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आयएनआर वर चढत जातो कारण वाढवलेला डोस कोणी कमी केलेलाच नसतो.

म्हणून नियम एकच ठेवा, कुठलंही नवं औषध सुरू झालं, बंद झालं किंवा त्याचा डोस बदलला की तीन ते पाच दिवसांत आयएनआर. सर्दी-खोकल्याचा पाच दिवसांचा कोर्ससुद्धा त्यात आला. ताप, जुलाब, उलटी, जेवण तुटलं तरी टेस्ट, तिथे औषधाचीही गरज नाही, नुसत्या आजारपणानेच आकडा वर जातो. तुमचा ५.२ कधीचा आहे ती तारीख बघा आणि आधीच्या दहा दिवसांत आई आजारी होती का आठवा.

आणि १.६ चं कारण मला एके ठिकाणी सापडेल असं वाटतंय. आईचे गुडघे दुखतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. या वयात हाडांसाठी कॅल्शियमची गोळी कोणीतरी दिलेलीच असते. ते पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा, हल्लीच्या बऱ्याच कॅल्शियम-डी३ च्या गोळ्यांत 'व्हिटॅमिन के२-७' घातलेलं असतं. म्हणजे एका हाताने व्हिटॅमिन के अडवायचं आणि दुसऱ्या हाताने रोज भरायचं. लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, मेडिकलवाल्याच्या येत नाही, पेशंट तर 'कॅल्शियमची साधी गोळी' म्हणून सांगतही नाही. असेल तर डॉक्टरांना सांगून साध्या कॅल्शियमवर आणा, पण बंद केल्यावर आयएनआर वर जाणार हे धरूनच, टेस्टची तारीख आधी ठरवून.

गुडघेदुखीचं आलंच आहे तर डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यातलं काही मनाने घ्यायचं नाही. याने आकडा कदाचित हलणारही नाही पण पोटात जखम होऊन रक्त जातं, आणि असिट्रॉम चालू असताना ते थांबत नाही. पॅरासिटामॉल चालेल, तीही रोज चार-चार गोळ्या आठवडाभर घेतल्या तर आकडा चढवते, म्हणून कमीत कमी आणि सांगून. गुडघ्याला बाम थोडासा चोळला तर काही नाही, पण दिवसातून चार वेळा आख्ख्या पायाला थापला तर त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट, तोच तो उग्र वास, कातडीतून आत जातं आणि असर दाखवतं. कमरेत किंवा दंडात खोल टोचायची इंजेक्शनं टाळायची, आत रक्त साकळतं. लस घ्यायला हरकत नाही, आकडा रेंजमध्ये असावा, बारीक सुई, आणि टोचल्यावर दोन-तीन मिनिटं बोटाने घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही.

आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारच्या काकूंचा काढा, याबद्दल माझं भांडण नाही. भाजीतली हळद, फोडणीतला लसूण याने काही होत नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळ, जिंको, यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि बऱ्याच काढ्यांत काय आहे हे बाटलीवर पूर्ण लिहिलेलंही नसतं. लपवून घेऊ नका एवढंच, डॉक्टर ओरडतील म्हणून लोक लपवतात आणि मग आम्ही बिनकारण असिट्रॉम कमी-जास्त करत बसतो.

दर तीन महिन्यांनी एक काम करा, आईच्या सगळ्या औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. एकदा एक आजोबा आले, हिरड्यांतून रक्त, आयएनआर ८ च्या पुढे, घरचे शपथेवर सांगत होते की गोळी एकच देतो. पिशवी ओतली तर दोन पाकिटं, एकावर असिट्रॉम लिहिलेलं, दुसऱ्या कंपनीचं दुसरं नाव, आणि खाली दोन्हीवर बारीक अक्षरात तेच, निकुमॅलोन. एक मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलने दिलेलं, एक गावातल्या डॉक्टरांनी, महिनाभर दोन्ही पोटात. निकुमॅलोन आणि असेनोकुमॅरॉल ही एकाच औषधाची दोन नावं आहेत हे घरात एकाला तरी पाठ हवं. आणि पाकिटावरचे मिलिग्रॅम बघा, १, २, ३, ४ सगळे येतात, दुकानात घाईत ३ ऐवजी ४ चं पाकीट हातात येतं. कंपनीही शक्यतो तीच ठेवा.

आता टेस्ट. लॅबही शक्यतो एकच. आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही, आयएनआरचं रक्त फिक्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, तिच्यात सायट्रेटचं द्रावण आधीच भरलेलं असतं आणि त्याच्या नऊ पट रक्त त्यात जायला हवं. नेहमीच्या ट्यूबमध्ये ०.३ मिली द्रावण असेल तर २.७ मिली रक्त, ट्यूबवर रेघ असते. शीर सापडली नाही, अर्धीच ट्यूब भरली, 'चालतंय की' म्हणून तशीच मशीनला लावली, तर आकडा खोटाच वर येतो. आई बरी आहे, काही बदललेलं नाही आणि अचानक ५ च्या पुढे आलाय, तर डोस बदलण्याआधी मी दुसऱ्या लॅबमधून परत करून घेतो. किती दिवसांनी टेस्ट? डोस बदलला की तीन ते सात दिवसांनी, स्थिर असला की महिन्याने. परवडत असेल तर घरी बोट टोचून बघायचं मशीन मिळतं, पण त्याच्या पट्ट्या महाग आहेत आणि वर्षातून एक-दोनदा लॅबशी ताळा करावा लागतो.

५.२ आला तेव्हा व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का तेही बघा. रक्त कुठूनही जात नसेल तर एवढ्या आकड्याला सहसा एखादी गोळी चुकवायची आणि एक-दोन दिवसांत परत टेस्ट, बास. घाबरून पूर्ण अँप्यूल टोचलं की आयएनआर १.१ वर येतो आणि पुढे आठवडाभर असिट्रॉम कितीही द्या, चढत नाही, तोवर व्हॉल्व्ह उघड्यावर. रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे व्हिटॅमिन के लागतंच आणि तेही हॉस्पिटलमध्ये.

काकांच्या नवीन गोळीबद्दल. मोह मला समजतो, टेस्ट नाही, पालेभाजीची कटकट नाही. पण मेटलच्या व्हॉल्व्हला ती चालत नाही, यात मतभेद नाही. डॅबिगाट्रान मेटलच्या व्हॉल्व्हवर देऊन पाहिलं होतं, गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, अभ्यास मध्येच थांबवावा लागला, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नंतर अ‍ॅपिक्साबॅनही एका जातीच्या मेटल व्हॉल्व्हवर करून बघितलं, तेही थांबवलं. इतकंच काय, सांधेतापाने व्हॉल्व्ह आकुंचलेला आहे, ठोके अनियमित आहेत पण अजून बदललेला नाही अशा पेशंटमध्येही २०२२ च्या मोठ्या अभ्यासात, सुमारे साडेचार हजार पेशंट, भारतातलेही, रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली. काकांचे व्हॉल्व्ह बहुतेक ठीक असतील आणि नुसते ठोके अनियमित असतील. त्यांनाही सांगा की टेस्ट नाही म्हणजे नियम नाहीत असं नाही. त्या गोळ्यांचा असर बारा-चोवीस तासांत उतरतो, म्हणजे एक डोस चुकला की तेवढा वेळ माणूस मोकळा. रिव्हारॉक्साबॅनची १५-२० ची गोळी जेवणासोबतच, रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. डॅबिगाट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि कंपनीच्या पाकिटातून काढून डबीत भरायची नाही, दमट हवेने खराब होते. आणि वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन, किडनी मंदावली की डोस बदलतो.

कोणीतरी तुम्हाला इंटरनेटवर वाचून हेही सांगेल की वॉरफेरिन म्हणजे उंदराचं औषध. खरं आहे, आणि गोष्ट भारी आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात जनावरं शिंगं कापल्यावर रक्त न थांबून मरायला लागली, कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा, आपल्या लसूणघासाच्याच कुळातला. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर बर्फात मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत धडकला. त्यातून काही वर्षांनी रक्त गोठू न देणारा तो पदार्थ सापडला, पुढे त्याचाच एक भाऊ, म्हणजे वॉरफेरिन, आधी उंदरांसाठी आणि १९५४ पासून माणसांसाठी आला. डोसावर सगळं आहे, मीठसुद्धा मूठभर खाल्लं तर विषच.

दाढ. एक-दोन दात काढायला गोळी बंद करायची बहुतेक वेळा गरज नसते, पाच दिवस तर मेटलच्या मायट्रल व्हॉल्व्हला मुळीच नको. आधीच्या एक-दोन दिवसांत आयएनआर करा, रेंजमध्ये असेल तर सकाळच्या वेळी दात काढायचा, म्हणजे रक्त आलंच तर दिवस हातात असतो. डेंटिस्ट टाके घालतील, गॉज अर्धा तास चावून धरायचा, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्या सांगतील. नंतर दुखलं तर डायक्लोफेनॅक नाही. आणि यापेक्षाही महत्त्वाचं, कृत्रिम व्हॉल्व्हवाल्यांना दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. डेंटिस्टना 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' एवढंच सांगू नका, 'मेटलचा व्हॉल्व्ह आहे' हे शब्द सांगा, आणि दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्या. मोठं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हेपॅरिन वगैरे बघावं लागतं.

आईला लागू नाही, पण व्हॉल्व्हच्या पेशंटमध्ये तरुण मुली खूप असतात म्हणून लिहितो. ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत, खास करून सहावा ते बारावा आठवडा, बाळाला धोका असतो. पाळी चुकली की त्याच आठवड्यात टेस्ट आणि डॉक्टर, स्वतः बंद मात्र करायची नाही, कारण तेव्हा आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायचा धोकाही वाढलेला असतो.

पर्समध्ये एक कागद, प्लास्टिकमध्ये घालून. नाव, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जागी, गोळीचं नाव आणि डोस, टार्गेट आयएनआर, घरचा नंबर. डांबरासारखी काळी चिकट शी, लाल लघवी, पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, कधी नव्हतं असं डोकं दुखणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. (लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते आणि बीटाने लाल, तेही आठवून बघा.) बाथरूममध्ये पडून डोक्याला लागलं तर वरून टेंगूळ नसलं, आई 'मी बरी आहे' म्हणत असली, तरी सीटी स्कॅन होईल अशा हॉस्पिटलमध्ये न्यायचं. तोंड वाकडं, बोलणं जड, हात-पाय लुळा, तर रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही.

राहिली टिकटिक. तो व्हॉल्व्हच्या पाकळ्या बंद होतानाचा आवाज, छाती बारीक असेल आणि खोली शांत असेल तर स्पष्ट येतो, आईला सांगा की त्यात बिघाड काही नाही. पंखा लावा, डाव्या कुशीऐवजी उजव्या कुशीवर झोपून बघा, बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते. माझे एक पेशंट तर म्हणतात रात्री जाग आली की आधी ती ऐकतो, मग कूस बदलतो. पण नेहमीची टिकटिक अचानक दबल्यासारखी झाली किंवा येईनाशी झाली, आणि त्याबरोबर धाप लागायला लागली, आडवं होता येईना, तर आयएनआरच्या रिपोर्टची वाट बघू नका, माझ्या उत्तराची तर नाहीच, इको होईल अशा हार्टच्या हॉस्पिटलकडे गाडी काढा आणि वाटेतून सर्जनना फोन लावा.